सिम्युलेटरचा इसार

घाटंजीत कोणी विचारलं, पोरगी काय करते, की आई सांगायची, "पायलट हाय." मग पुढचा प्रश्न ठरलेला. "कोणतं इमान चालवते?" इथे आई गप्प व्हायची आणि माझ्याकडे पाहायची. दोन वर्षं मी कोणतंच विमान चालवत नव्हते. लायसन्स होतं, दोनशे तासांचं उड्डाण वहीत लिहिलेलं होतं, आणि मी बसस्टँडमागच्या कोचिंग क्लासमध्ये अकरावी-बारावीच्या पोरांना फिजिक्स शिकवत होते.

लोकांना समजावताना मी बाबांच्या धंद्याचा दाखला द्यायची. बाबांचं थ्रेशर आहे. सोयाबीन, तूर, हरभरा गावोगाव फिरून काढून द्यायचा आणि पोत्यामागे पैसे घ्यायचे. आता, ट्रॅक्टरचं लायसन्स आहे म्हणून कोणी आपलं थ्रेशर तुमच्या हाती देत नाही. त्या मशीनवर हात बसलेला लागतो. विमानाचंही तसंच. लायसन्स मिळतं ते लहान विमानावर. प्रवाशांचं मोठं विमान चालवायचं तर त्या एकाच जातीच्या विमानाचं वेगळं शिक्षण घ्यायचं, परीक्षा द्यायची आणि लायसन्सवर तशी नोंद करून घ्यायची. याला टाइप रेटिंग म्हणतात. एका जातीचं रेटिंग दुसऱ्या जातीला चालत नाही.

"अन् हे शिक्षण कंपनी देत असन न?" समोरचा विचारायचा.

"हाव. पैसे आपण द्याचे."

समोरचा हसायचा. त्याला वाटायचं, मी गंमत करते आहे. मला गंमत वाटत नव्हती. बाबांनी आजवर डझनभर माणसं थ्रेशरवर तयार केली. शिकवायचे पैसे एकाकडूनही घेतले नाहीत. उलट शिकत असतानाही रोजी दिली. पण आमच्या धंद्यातली रीत उलटी आहे, आणि ती बदलणं माझ्या हातात नव्हतं.

आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेली मी पहिली. बाबा सातवीत सुटले, आई चौथीत. मी बीएस्सी झाले, पहिल्या वर्गात झाले, आणि हे मी कोणी न विचारताही सांगते. उड्डाणाच्या शिक्षणाचा खर्च सरकारी शिष्यवृत्ती आणि शैक्षणिक कर्ज यांतून निघाला होता. टाइप रेटिंगला मात्र कुठली शिष्यवृत्ती नव्हती. माझ्या डोळ्यासमोर जे मोठं जेट होतं त्याच्या रेटिंगला अठरा लाख लागणार होते. बाबांनी थ्रेशरच्या कमाईतून यवतमाळ रोडवर एक प्लॉट घेऊन ठेवला होता. तो त्यांनी विकला. एकदा विकला की झालं. दुसरा प्लॉट नव्हता. तेवढ्या पैशात एकच रेटिंग होणार होतं, ते चुकलं तर पुन्हा नाही. हे घरात कोणी बोलून दाखवलं नाही, पण तिघांनाही पाठ होतं.

त्या काळात माझे फ्लाइंग स्कूलचे सोबती एकेक करून आपल्या पैशानं रेटिंग करायला निघाले होते. त्यांचं म्हणणं, नोकरीची जाहिरात येते तेव्हा रेटिंगवाल्यांना आधी बोलावतात. आपण तयार असलेलं बरं. मलाही ते पटलं होतं. हैदराबादच्या एका ट्रेनिंग सेंटरमधून रोज फोन यायचा. पुढच्या बॅचमध्ये दोनच जागा उरल्यात, महिनाअखेरीपर्यंत भरले तर सूट, नाहीतर थेट सहा महिन्यांनी. फोनवरचा माणूस मला 'कॅप्टन' म्हणायचा. दोन वर्षं मला कोणी त्या नावानं हाक मारली नव्हती.

मी त्याला पन्नास हजार टोकन पाठवून दिले. माझ्या कोचिंगच्या पगारातले होते. घरी सांगितलं नाही. आमच्याकडे म्हैस घ्या, प्लॉट घ्या, नाहीतर दिवाळीआधी थ्रेशर बोलवा, आधी इसार द्यायचा. इसार दिला की वस्तू आपली. समोरचा फिरला तर दुप्पट परत देतो, आपण फिरलो तर इसार बुडाला. मी इतकं इंग्रजी शिकले, पण त्या टोकनकडे मी घाटंजीच्या डोळ्यांनीच पाहिलं. मला वाटलं, इसार देऊन बसले, आता ही बोली मोडायची नाही. मोडली तर पैसेही जातील आणि पतही.

मग मी बाबांना प्लॉटच्या पैशांचा डीडी काढायला सांगितलं. त्यांनी काढला. पण म्हणाले, "मी येतो संगं. मशीन पाह्यतो."

हा त्यांचा नियमच. कितीही ओळखीचा शेतकरी असो, कापून रचलेल्या पिकाची गंजी पाहिल्याशिवाय बाबा कोणाचा इसार धरत नाहीत. शेतात जायचं, गंजीत कोपरापर्यंत हात घालून आतली शेंग काढायची आणि कानाजवळ नेऊन हलवायची. वाळलेली शेंग वाजते. ओली वाजत नाही. वरून गंजी कितीही पिवळी दिसो, आतली शेंग वाजली नाही तर बाबा म्हणतात, चार दिवसांनी येतो, आणि फटफटीला किक मारतात. लोक चिडतात. बाबा म्हणतात, ओला माल घातला की ड्रम जाम होते, अन् मग शिव्या मशीनले.

पांढरकवड्याहून आम्ही हैदराबादची बस धरली. मार्च सरत आला होता. बाबांनी पांढरा शर्ट घातला होता आणि डीडी आतल्या खिशात ठेवून वरून सेफ्टी पिन लावली होती. वाटभर ते दर अर्ध्या तासानं छातीवर हात ठेवून पाहत होते.

सेंटर चकाचक होतं. थंडगार हॉल, काचेच्या पलीकडे सिम्युलेटर: पांढरी, खिडक्या नसलेली मोठी पेटी, खाली उंच हायड्रॉलिक पाय. आत बसलं की हुबेहूब विमानाचं कॉकपिट, आणि ते पाय पेटीला असे झुलवतात की विमान खरंच वळतंय असं वाटावं. तिथल्या इन्स्ट्रक्टरनं मला दहा मिनिटं आत बसवलं. समोरच्या पडद्यावर धावपट्टी आली आणि मला जगातलं बाकी काही आठवेना. बाबा तेवढा वेळ ऑफिसात बसून होते.

बाहेर आले तर बाबा तिथल्या मॅनेजरला हिंदीत विचारत होते, ये मशीन दिन में कितने घंटे चलती है. मॅनेजर अभिमानानं म्हणाला, वीस तास. बाबांनी मान हलवली. मग विचारलं, इतने बच्चे सीखते है, तो सीख के जाते किधर है? मॅनेजर हसून म्हणाला, वो तो एअरलाइन के ऊपर है, अंकल. बाबा पुन्हा मान हलवून उठले. मला म्हणाले, "चाय पिऊन येऊ."

रस्त्यापलीकडे चहाची टपरी होती. बाकड्यावर माझ्याहून चार-पाच वर्षांनी मोठी एक मुलगी मांडीवर फाइल घेऊन चहा पीत होती. बाबांना ओळख काढायला वेळ लागत नाही. ती नांदेडकडची निघाली. मराठी ऐकून तिलाही बरं वाटलं असावं. ती मोकळेपणानं बोलायला लागली. तिनं दोन वर्षांपूर्वी याच सेंटरमधून रेटिंग केलं होतं, मी करणार होते तेच.

"मग आता कोणत्या कंपनीत हाय, बाई?" बाबांनी विचारलं.

"कुठेच नाही, काका. जागाच निघाल्या नाहीत. आणि विमान चालवलं नाही की रेटिंग शिळं होतं. मग पुन्हा इथे यायचं, सिम्युलेटरचे तास विकत घ्यायचे, परीक्षा द्यायची, जिवंत ठेवायचं."

"म्हंजे मशीन उभीच, पन् सर्व्हिसिंग चालूच."

ती हसली.  बाबांनी विचारलं, तिच्या खेपेला किती जण होते. ती म्हणाली, आठ. तिघं लागले.

"थे तिघं काहून लागले?"

"त्यांच्या हातात आधीच कंपनीचं पत्र होतं, काका. कंपनीनं निवडलं, मग ते इथे शिकायला आले. आम्ही पाच जण आधी शिकलो आणि मग पत्राची वाट पाहत बसलो."

मी ते ऐकलं. पण माणसाला जे ऐकायचं नसतं ते त्याच्या कानात शिरत नाही. मला वाटलं, हिचे मार्क कमी असतील, हिचा इंटरव्ह्यू बिघडला असेल. मी पहिल्या वर्गाची होते.

बाबांनी चहाचे पैसे दिले, तिचेही. रस्ता ओलांडायच्या ऐवजी ते उलट्या बाजूला, बसस्टॉपकडे चालायला लागले.

"बाबा, इकडे."

"डीडी नाई द्याचा."

मी तिथेच उभी राहिले. म्हटलं, जागा जाईल. म्हणाले, जाऊ दे. म्हटलं, सगळे भरून राह्यले. म्हणाले, भरू दे. त्यांच्या आवाजात राग नव्हता, आणि त्यामुळेच मला जास्त राग आला. माझे पन्नास हजार आत अडकले होते, ते सांगताही येत नव्हतं. आणि मग मी ते बोलले.

"तुमाले यातलं काय समजते? चार बुकं शिकले असते तं समजलं असतं."

आजूबाजूला रिक्षा चालल्या होत्या, हॉर्न वाजत होते. बाबा म्हणाले, "शिकलो नाई, म्हणून तं पाहून घेतो."

परतीच्या बसमध्ये त्यांनी मला खिडकीची जागा दिली. निर्मल गाव येईपर्यंत मी त्यांच्याकडे पाहिलं नाही.

घरी आल्यावर आईनं विचारलं, भरले का पैसे. बाबा म्हणाले, माल ओला होता. आईला तेवढ्यानं कळलं. ती आत जाऊन भाकरी थापायला लागली. डीडी बँकेत परत गेला, पैसे पुन्हा खात्यावर आले. माझे टोकनचे पैसे आले नाहीत. सेंटरच्या पावतीवर बारीक अक्षरात लिहिलेलं होतं की रक्कम परत मिळणार नाही. मी दोन फोन केले. फोनवरचा माणूस आता मला कॅप्टन म्हणत नव्हता.

पुढचे सहा-सात महिने आम्ही बापलेक कामापुरतं बोललो. ऑक्टोबरात सोयाबीनचा सीझन सुरू झाला, त्यात बाबांचा हिशेब ठेवणारा गडी आजारी पडला. कोचिंगला दिवाळीची सुट्टी होती. मी वही घेऊन थ्रेशरबरोबर फिरायला लागले. कुठल्या शेतात किती पोती, कोणाचा इसार किती, बाकी किती. पोरीनं विमान सोडून थ्रेशर धरलं, असं मारेगावकडच्या एका शेतात कोणीतरी म्हणालं. बाबांनी त्याला सांगितलं, विमान कुठी पळून नाई चाललं.

त्या दिवसांत मी त्यांचं काम पहिल्यांदा नीट पाहिलं. एकदा सलग तीन शेतांतून आम्ही मशीन न लावता परत फिरलो, कारण आतली शेंग वाजली नव्हती. त्या दिवशी डिझेल गेलं, वेळ गेला, हाती एक पैसा आला नाही. तिसऱ्या शेतकऱ्यानं तर इसार आधीच बाबांच्या खिशात कोंबला होता. बाबांनी तो काढून परत त्याच्या हातावर ठेवला. ट्रॉलीत बसून घरी जाताना मला वाटलं होतं ते कुरकुरतील. ते शीळ घालत होते. दुसऱ्या एका थ्रेशरवाल्यानं तिथेच मशीन लावली आणि संध्याकाळपर्यंत त्याचा ड्रम खोलून बसला, हे दुसऱ्या दिवशी कळलं.   हैदराबादची ती टपरी मला तेव्हापासून वेगळी आठवायला लागली.

नोव्हेंबरात एका कंपनीची जाहिरात आली. रेटिंग नसलेले नवे पायलटही चालतील, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. लेखी परीक्षा झाली, मानसशास्त्राची चाचणी झाली, सिम्युलेटरवर हात पाहिला, इंटरव्ह्यू झाला, मेडिकल झालं. प्रत्येक पायरीनंतर पंधरा-वीस दिवस शांतता. फेब्रुवारीत मेल आली. मी ती वर्गात, फळ्यापाशी उभी राहून वाचली आणि पोरांना म्हटलं, आज एवढंच.

निवड झाली होती. आणि खाली विमानाची जात लिहिली होती. ते जेट नव्हतं. सत्तर माणसांचं, दोन पंख्यांचं विमान होतं, लहान शहरांना जातं ते.

मी खुर्चीवर बसले.  मार्चमध्ये डीडी दिला असता तर आज माझ्याकडे जेटचं रेटिंग असतं, वर्षभरात शिळं झालेलं, आणि हे पत्र हातात घेऊन दुसऱ्या रेटिंगला द्यायला घरात एक रुपया नसता. कंपनीनं पत्रात लिहिलंच होतं: टाइप रेटिंगचा खर्च उमेदवाराचा. प्लॉट गेलेला, पत्र आलेलं, आणि मी घाटंजीतच. हे सगळं एका झटक्यात दिसलं. पण डीडी दिलाच नव्हता. पैसे होते. सगळे होते. मी चक्क मोठ्यानं श्वास सोडला आणि पहिल्या बाकावरची मुलगी म्हणाली, मॅडम, पाणी आणू का?

गावात पेढे वाटले तेव्हा लोकांनी पंख्यांबद्दल पुष्कळ चौकशी केली. जुनं हाय काय, पंखा बंद पडला तं, अशी. आई आता गप्प बसत नव्हती. ती सांगायची, "पंखेवालं हाय. दोन पंखे हायेत. एकावरबी चालते."

या रेटिंगला चौदा लाख होते, आणि ते तीन हप्त्यांत द्यायचे होते. पहिला करार करताना, दुसरा वर्गातलं शिक्षण झाल्यावर, तिसरा सिम्युलेटरवर बसायच्या आधी. बाबांना ही रीत ओळखीची वाटली. इसार, मग शेतात अर्धे, मग पोती भरल्यावर बाकी. करारातली दुसरी गोष्ट मी त्यांना वाचून दाखवली: पाच वर्षं नोकरी सोडायची नाही, सोडली तर दंड.

"म्हंजे पैसे बी आपलेच अन् दावं बी आपल्याच गळ्यात," बाबा म्हणाले. मग म्हणाले, "पन् खुंटा तं हाय. मागच्या खेपेले खुंटाच नोता."

पहिला हप्ता भरायला आम्ही यवतमाळच्या बँकेत गेलो. फॉर्म भरून मी त्यांच्याकडे सहीला दिला. सही करता करता, मान वर न करता त्यांनी विचारलं, "हैदराबादच्या त्या सेंटरले तू पन्नास हजार देल्ले होते न?"

 मी विचारलं, तुम्हाला कसं कळलं.

"त्या म्यानेजरनंच सांगतलं. तू पेटीत बसली होती तवा. म्हणे, म्याडम का टोकन जमा है, अब बाकी दे दो."

म्हणजे टपरीवर जायच्या आधीपासून त्यांना माहीत होतं. मी रस्त्यात उभी राहून त्यांचं शिक्षण काढलं तेव्हाही माहीत होतं. वर्षभर ते काही बोलले नव्हते.

"मग बोलले काहून नाई?"

"तू बी तं बोलली नोती." त्यांनी सहीखाली तारीख घातली, पेनाचं टोपण लावलं. "हे पाह्य, इसार बुडाला तं माणूस बुडत नाई. इसार वाचवाले मांगं गेला का बुडते."

बँकेतून निघाल्यावर आम्ही कळंबला गेलो, चिंतामणीचं दर्शन घेतलं आणि देवळाबाहेर भजी खाल्ली. माझ्या डोक्यावरचं पन्नास हजारांचं ओझं उतरलं होतं. पैसे परत आले नव्हते, पण लपवायचं आता काही उरलं नव्हतं.

शिक्षण ऑगस्टमध्ये सुरू झालं. आधी महिनाभर वर्ग: इंधन, विजेची यंत्रणा, पंख्याचे कोन. मग सिम्युलेटर. जोडीनं बसायचं, आणि इन्स्ट्रक्टर मागे बसून एकेक संकट सोडायचा. कधी इंजिनला आग, कधी एक पंखा बंद. पहिल्या दिवशी मी घाबरून चुकीच्या बाजूचा लिव्हर धरला. तेव्हा इन्स्ट्रक्टरनं जे शिकवलं ते मला घरचंच वाटलं: हात लावायच्या आधी पाहा, कोणता बंद पडला ते मोठ्यानं बोला, सोबत्याकडून खात्री करून घ्या, मगच लिव्हरला हात. मनात म्हटलं, शेंग वाजवून घ्या.

शेवटची परीक्षा ऑक्टोबरात, दुपारी. चार तास. बाहेर येऊन परीक्षकांनी कागदावर सही केली आणि हात पुढे केला. मी जिन्यात येऊन बाबांना फोन लावला. सीझन जोरात होता. फोन उचलला गेला, पण कानात नुसतं थ्रेशर घरघरत होतं.

"बाबा."

"हं?" ते ओरडले. "थांब. ड्रम खाली होऊ दे."

गंजी संपल्याशिवाय बाबा मशीन बंद करत नाहीत, कोणी आलं तरी नाही; आमदार शेतात आले होते तेव्हाही केली नव्हती. आणि बंद करायचीच असेल तर ड्रममधलं सगळं बाहेर पडू द्यायचं, मगच. मी फोन कानाला लावून ऐकत राहिले. माल टाकणं थांबलं. घरघर पातळ झाली. मग नुसते दाणे पत्र्यावर तडतडत राहिले, तेही विरळ झाले, पट्टा हळू झाला आणि सगळं शांत झालं. लांबून एक शेतकरी विचारत होता, काय झालं, बिघडली काय मशीन.

"बिघडली नाई," बाबा त्याला म्हणाले. "पोरीचा फोन हाय." मग मला, "हं. सांग आता."

"झालं, बाबा. पास."

  मला वाटलं, आत्ताच बोलावं.

"बाबा, हैदराबादले मी जे बोलली..."

"कोन्तं?" ते म्हणाले. "तू तं ढेर बोलली होती."

मला हसू आलं आणि रडूही आलं. जिन्यानं वर जाणारे दोघं माझ्याकडे पाहून गेले.

"पंखे दोन्ही चालले न बराबर?" बाबांनी विचारलं.

"एक बंद केला होता त्यायनं. तरी उतरवलं मी."

"अस्सं." आवाजावरून कळत होतं, हे ते आज शेतात सगळ्यांना सांगणार होते. "ठेव मग. उन्हं उतरून राह्यले, अर्धी गंजी बाकी हाय."

फोन बंद करायचं ते विसरले. मी पायरीवर बसून ऐकत राहिले. मशीन पुन्हा सुरू झाली.